पाच हातांतून गेलेली एक माहिती: भूल विभागात रुग्ण-हस्तांतराची नवी पद्धत आखताना

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी विश्वस्त संस्थेने चालवलेल्या रुग्णालयातील आहे. रुग्ण, कर्मचारी किंवा संस्था ओळखू येईल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. रुग्णालयात सहा शस्त्रक्रियागृहे, भूल उतरेपर्यंत रुग्णाला ठेवण्याचा एक सामाईक रिकव्हरी कक्ष आणि वेगळा शल्य अतिदक्षता विभाग आहे. भूल विभागात पूर्णवेळ भूलतज्ज्ञ, पदव्युत्तर शिक्षण घेणारे निवासी डॉक्टर आणि गरजेप्रमाणे बाहेरून बोलावले जाणारे मानद भूलतज्ज्ञ काम करतात. हे मानद डॉक्टर एका दिवसात गावातील दोन-तीन रुग्णालयांत जातात, त्यामुळे ‘केस’ संपताच त्यांची निघण्याची घाई असते. महाराष्ट्रातील बहुतेक मध्यम आकाराच्या रुग्णालयांत हे चित्र परिचयाचे आहे.

एका हाताखालून दुसऱ्या हाताखाली रुग्ण सोपवण्याच्या कामाला परिचारिका ‘ओव्हर’ म्हणतात. ओव्हर दिली, ओव्हर घेतली, अशी त्यांची बोली आहे. डॉक्टर ‘हँडओव्हर’ म्हणतात, आणि त्यांच्या तोंडी फक्त ‘हँडओव्हर दिला’ असतो. ‘घेतला’ असे सहसा कोणी म्हणत नाही. हा फरक निव्वळ शब्दांचा आहे असे आम्हाला सुरुवातीला वाटले होते.

शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर पाहायची जागतिक आरोग्य संघटनेची तपासणी-सूची, जी संघटनेने 2008 मध्ये प्रसृत केली, ती रुग्णालयात आधीपासून वापरात होती. तिच्या शेवटच्या टप्प्यात शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका यांनी रुग्णाच्या पुढील देखभालीतील मुख्य काळजीचे मुद्दे एकत्र बोलावेत, असे एक कलम आहे. आमच्याकडे त्या कलमापुढे खूण होत असे, परंतु ती बहुधा टाके घालणे चालू असतानाच होई आणि बोलणे होतच नसे.

घटना

साठीच्या आसपासच्या एका महिलेवर मोठ्या आतड्याच्या गाठीची शस्त्रक्रिया सकाळी नऊच्या सुमारास सुरू झाली. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी भूलतज्ज्ञांनी पाठीच्या मणक्यातून 150 मायक्रोग्रॅम मॉर्फिन दिले आणि मग पूर्ण भूल दिली. ही पद्धत मान्य आणि उपयुक्त आहे. मात्र मणक्यातून दिलेले मॉर्फिन मेंदूच्या दिशेने हळूहळू सरकते, त्यामुळे श्वास मंदावण्याचा धोका काही तासांनी, कधी चोवीस तासांपर्यंतही, उद्भवू शकतो. म्हणून त्या काळात गुंगी आणणारे दुसरे औषध देताना सावध राहावे लागते.

दुपारी एकच्या सुमारास शेजारच्या शस्त्रक्रियागृहात तातडीचे सिझेरियन आल्यामुळे पहिले भूलतज्ज्ञ तिकडे गेले आणि दुसऱ्यांनी ही केस हाती घेतली. दोन वाजायला दहा मिनिटे असताना रुग्ण रिकव्हरीत आली. दोन वाजता परिचारिकांची पाळी बदलली. संध्याकाळी पाचच्या सुमारास तिला स्त्रियांच्या शल्य वॉर्डात नेण्यात आले आणि आठ वाजता तिथलीही पाळी बदलली. म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत ही रुग्ण पाच वेळा हस्तांतरित झाली, आणि त्यांपैकी तीन हस्तांतरे साधारण तासाभरात झाली.

रात्री वेदना वाढल्यामुळे शल्य विभागाच्या ठरलेल्या लेखी सूचनेप्रमाणे तिला ट्रॅमाडॉल आणि प्रोमेथाझिन ही गुंगी आणू शकणारी औषधे देण्यात आली. साडेअकराच्या सुमारास खाटेजवळ बसलेल्या मुलीने सिस्टरांना येऊन सांगितले, “आई घोरतेय, पण नेहमीसारखं नाही वाटत.” सिस्टर लगेच गेल्या. श्वास मिनिटाला सात-आठवर आला होता, हाक मारल्यावर रुग्ण जेमतेम डोळे उघडत होती आणि रक्तातील ऑक्सिजन उतरला होता. त्यांनी ऑक्सिजन लावला आणि ड्युटीवरील निवासी डॉक्टरांना बोलावले. मॉर्फिनचा उतारा असलेले नॅलोक्झोन वॉर्डात नव्हते, ते रिकव्हरीच्या ट्रॉलीतून धावत जाऊन आणावे लागले. नॅलोक्झोनचा परिणाम तास-दीड तासात ओसरतो आणि मणक्यातले मॉर्फिन मात्र त्यानंतरही टिकते, म्हणून तिला अतिदक्षता विभागात हलवून ते औषध थेंबाथेंबाने चालू ठेवावे लागले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती पूर्ण शुद्धीवर होती आणि पुढे कोणताही कायमचा परिणाम राहिला नाही. सकाळी विभागप्रमुखांनी कुटुंबाला जे घडले ते आडपडदा न ठेवता सांगितले.

समस्या कुठे होती

प्रशासनाची पहिली प्रतिक्रिया रात्रपाळीच्या सिस्टरांना मेमो देण्याची होती. तो टाइपही झाला होता. पहिला खरा निर्णय इथेच घ्यावा लागला. भूल विभागाने नोंदी मागवून घेतल्या. भूल-नोंदीच्या कागदावर मॉर्फिनची मात्रा आणि वेळ स्पष्ट लिहिलेली होती. पहिल्या भूलतज्ज्ञांनी दुसऱ्यांना ते सांगितलेही होते आणि दोघांनाही ते आठवत होते. दुसऱ्यांनी रिकव्हरीतल्या सिस्टरांना “स्पायनल प्लस जीए”, म्हणजे मणक्यातील इंजेक्शन आणि पूर्ण भूल, असे सांगितले. त्यात मॉर्फिन अभिप्रेत होते, पण शब्द उच्चारला गेला नव्हता. दोनला पाळी बदलताना “जीए, आतड्याची केस” एवढेच उरले. वॉर्डात पोहोचेपर्यंत “आतड्याची केस, स्टेबल आहे” झाले. भूल-नोंदीचा कागद फाइलमध्ये होता. परंतु वॉर्डात तो कोणी उघडून वाचेल अशी कोणाची अपेक्षाही नव्हती आणि तशी सवयही नव्हती.

मेमो मागे घेण्यात आला. ज्या व्यक्तीने श्वास मंदावल्याचे ओळखून रुग्णाला वाचवले तिलाच कागद देणे अन्यायाचे झाले असते, हे तर उघड होते. शिवाय तो मेमो गेला असता तर पुढील सहा महिने एकाही परिचारिकेने आमच्या बैठकीत तोंड उघडले नसते. मागाहून पाहता योजना उभी राहण्यास सर्वांत जास्त मदत करणारी गोष्ट हीच ठरली, आणि ती कोणत्याही आराखड्यात नव्हती.

त्यानंतर एक आठवडा एक निवासी डॉक्टर आणि एक वरिष्ठ सिस्टर यांनी रिकव्हरीच्या दारात उभे राहून हस्तांतरे नुसती पाहिली. रुग्ण आत येताच एकाच वेळी मॉनिटरच्या वायरी लावणे, सलाइनची बाटली टांगणे, कॅथेटरची पिशवी अडकवणे आणि भूलतज्ज्ञांचे बोलणे चालू असे. ऐकणारी सिस्टर त्या वेळी खाली वाकून रक्तदाबाचा पट्टा बांधत असे. ट्रॉली ढकलत आलेले मामा शेजारी उभे राहून घाई करत. त्यांना घाई का, असे विचारल्यावर कळले की वाहतुकीसाठी ऑक्सिजनचे दोनच छोटे सिलिंडर होते आणि पुढच्या शस्त्रक्रियागृहातून सिलिंडरसाठी हाका येत. आमच्यापैकी कोणीही ही गोष्ट संवादाच्या प्रश्नात धरली नव्हती.

भाषेचाही एक गुंता दिसला. बोलण्यातली मराठी कर्ता सहज गाळते. “अँटिबायोटिक दिलंय” आणि “अँटिबायोटिक द्यायचंय” ही दोन वाक्ये मास्कमागून, सक्शनच्या आवाजात, जवळजवळ सारखीच ऐकू येतात. “रिव्हर्सल झालंय”, म्हणजे शिथिल केलेले स्नायू पूर्ववत करणारे औषध दिले आहे, या वाक्यात कोणी, किती, कधी यांतले काहीच नसते, तरीही ते पूर्ण वाक्य वाटते.

विचारात घेतलेले पर्याय

भूल चालू असताना डॉक्टर बदलणेच बंद करावे, अशी सूचना सर्वप्रथम आली. तिला आधार होता. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातील 3,13,066 शस्त्रक्रियांच्या नोंदींवरील अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भूलतज्ज्ञ पूर्णपणे बदललेल्या रुग्णांत मृत्यू, पुन्हा दाखल व्हावे लागणे किंवा मोठी गुंतागुंत यांचे एकत्रित प्रमाण 44 टक्के, तर न बदललेल्यांत 29 टक्के होते. इतर फरक वजा केल्यावरही बदललेल्यांत ते साधारण सात टक्के-बिंदूंनी जास्त राहिले. परंतु हा नोंदींवरचा अभ्यास होता आणि लांबलेल्या, अवघड शस्त्रक्रियांतच डॉक्टर बदलण्याची वेळ जास्त येते. नंतर जर्मनीतील 12 केंद्रांत रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून झालेल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष 2022 मध्ये आले, 1,817 रुग्ण होते. तिच्यात हस्तांतर झालेल्या गटात हे प्रमाण 30 टक्के आणि न झालेल्या गटात 33 टक्के आढळले. म्हणजे लक्षणीय फरक दिसला नाही. आमच्या मनुष्यबळात बदल बंद करणे शक्यच नव्हते, हे खरे. तरीही शक्य नाही म्हणून सोडून देणे आणि पुरावा पाहून सोडून देणे यांत फरक आहे, असे विभागप्रमुखांचे म्हणणे होते आणि ते योग्य होते.

दुसरा पर्याय तयार चौकट घेण्याचा होता. परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन, शिफारस अशी चार टप्प्यांची ‘एसबीएआर’ ही अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून आरोग्यसेवेत आलेली चौकट आमच्या परिचारिकांना प्रशिक्षणात शिकवलेली असते. डॉक्टरला फोन करून बिघाड कळवण्यासाठी ती उत्तम आहे. मात्र भूलीतून बाहेर आलेल्या रुग्णाच्या बाबतीत सांगण्यासारखे बरेच काही ‘बिघाड’ नसते. काय दिले आहे आणि त्यातून पुढे काय होऊ शकते, हा मुख्य भाग असतो. ‘आय-पास’ ही दुसरी चौकट बालरोग विभागांतील निवासी डॉक्टरांसाठी बनली. नऊ रुग्णालयांतील तिचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात वैद्यकीय चुका 23 टक्क्यांनी, तर टाळता येण्याजोगे अपाय 30 टक्क्यांनी घटले. तिच्यातल्या दोन गोष्टी आम्ही घेतल्या. पुढे काय बिघडू शकते आणि तसे झाल्यास काय करायचे हे आधीच सांगणे ही एक, आणि ऐकणाऱ्याने शेवटी आपल्या शब्दांत सारांश परत सांगणे ही दुसरी.

लंडनमधील ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयाचे उदाहरण निवासी डॉक्टरांना फार आवडले. हृदयशस्त्रक्रियेनंतर बाळाला अतिदक्षता विभागात नेताना त्यांनी फॉर्म्युला वन शर्यतीतील फेरारी संघाच्या पिट-स्टॉपकडून धडे घेतले. प्रत्येकाची जागा ठरवली, आधी यंत्रे आणि मग माहिती असा क्रम लावला, आणि कोण नेतृत्व करतो हे निश्चित केले. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरीक्षणांत दर हस्तांतरामागे तांत्रिक चुका सरासरी 5.42 वरून 3.15 वर आणि सांगायचे राहून गेलेले मुद्दे 2.09 वरून 1.07 वर आले. वेळ मात्र वाढला नाही, उलट 10.8 मिनिटांवरून 9.4 मिनिटांवर आला. आमच्या रिकव्हरीत एवढी माणसेच एका खाटेभोवती नसतात, म्हणून संपूर्ण रचना उचलणे निरर्थक होते. ‘आधी यंत्रे, मग माहिती’ हा क्रम मात्र फुकट मिळणारा होता.

चौथा पर्याय गुणवत्ता कक्षाने सुचवला. रुग्णालयाच्या गुणवत्ता मानांकनासाठी हस्तांतराची लेखी नोंद लागतेच, तेव्हा एक सविस्तर छापील तक्ता करावा. दुर्दैवाने आम्ही आधी हाच पर्याय निवडला.

पहिला प्रयत्न आणि त्याचे अपयश

सव्वीस रकान्यांचा दोन पानी तक्ता तयार झाला. त्यात काहीच सुटले नव्हते, आणि म्हणूनच तो चालला नाही. दोन आठवड्यांत असे दिसून आले की निवासी डॉक्टर तो शस्त्रक्रियागृहातच, रुग्ण हलवण्यापूर्वी भरून टाकत. म्हणजे वाटेत आणि रिकव्हरीत पोहोचल्यावर जे घडेल ते त्यात येणे अशक्य होते. सिस्टर खाली सही करत. बोलणे पूर्वीइतकेच घाईचे राहिले, किंबहुना “सगळं लिहिलंय” या वाक्याने ते आणखी आखूड झाले. एका वरिष्ठ सिस्टरांनी बैठकीत सांगितले, “सर, आधी निदान ऐकू तरी यायचं. आता कागद येतो.”

तक्ता मागे घेतला. मानांकनाची नोंद भूल-नोंदीच्या मागील बाजूस तीन ओळींत आणि दोन सह्यांत भागवली. गुणवत्ता कक्षाला हे पटवण्यात एक महिना गेला. तो वाया गेला असे म्हणता येणार नाही, पण चाचणी पुढे ढकलली गेली ती थेट गणपतीच्या सुट्ट्यांपर्यंत. त्या दिवसांत निम्मी मंडळी गावी जातात आणि उरलेल्यांवर दुप्पट भार असतो. अशा वेळी नवी सवय लावू पाहणे म्हणजे ती मुळातच खुडणे, म्हणून आम्ही विसर्जनानंतरच सुरुवात केली.

प्रत्यक्ष केलेली कृती

दुसऱ्या वेळी कार्यगटात दोन भूलतज्ज्ञ, एक निवासी डॉक्टर, शस्त्रक्रियागृहाच्या इन्चार्ज सिस्टर, रिकव्हरी आणि अतिदक्षता विभागाच्या प्रत्येकी एक सिस्टर आणि ट्रॉलीचे एक मामा होते. मामांना बैठकीत बोलावण्यावर काहींनी भुवया उंचावल्या. त्यांनी मागितलेली एकच गोष्ट म्हणजे तिसरा सिलिंडर. तो आल्यावर दारातली घाई बरीचशी ओसरली, आणि संपूर्ण योजनेत एवढाच एक मोठा खर्च झाला.

बोलण्याचा क्रम असा ठरला. रुग्ण आत आल्यावर कोणीही माहिती सांगायची नाही. आधी ऑक्सिजन, मॉनिटर आणि सलाइन लागेल, पहिला रक्तदाब पडद्यावर येईल. मग रिकव्हरीतील सिस्टर “मी तयार आहे, सांगा” असे म्हणतील आणि त्यानंतरच भूलतज्ज्ञ बोलतील. हा निर्णय लहान दिसतो, पण त्यावर सर्वांत लांब चर्चा झाली. डॉक्टर बोलू लागले की सिस्टरांनी थांबवायचे नसते, ही आपल्याकडची न लिहिलेली रीत आहे. “सर, थांबा” म्हणण्याचे प्रशिक्षण देण्यापेक्षा, डॉक्टरांनी सुरूच करायचे नाही असा नियम करणे सोपे जाईल, हे इन्चार्ज सिस्टरांनी सुचवले आणि ते बरोबर ठरले. सुरुवात घेणाऱ्याच्या हाती आली.

सांगण्यासाठी खाटेच्या डोक्याशी एक पत्रिका टांगली. तिच्यावर सातच ओळी होत्या: रुग्ण आणि शस्त्रक्रिया, श्वसनमार्ग सोपा होता की अवघड, कोणत्या प्रकारची भूल, मॉर्फिनसारखी औषधे आणि स्नायू शिथिल करणारे औषध यांची शेवटची वेळ, रक्तस्राव आणि दिलेले द्रव, शरीरात काय राहिले आहे किंवा काय काढायचे आहे, आणि आज रात्री काय बिघडू शकते. शेवटची ओळ आम्ही ठळक अक्षरांत छापली. औषधाबाबत एक जोडनियम होता. नुसते “दिलंय” म्हणायचे नाही. औषध, मात्रा आणि घड्याळातली वेळ तिन्ही म्हणायची. बोलण्याची भाषा मराठी, हिंदी की इंग्रजी यावर बंधन नव्हते, कारण केरळहून आलेल्या सिस्टर आणि मराठवाड्यातून आलेले निवासी डॉक्टर यांना एकच भाषा लादण्यात अर्थ नव्हता. शेवटी सिस्टर औषधांची ओळ आणि रात्रीची ओळ परत म्हणतील, प्रश्न असल्यास विचारतील आणि “घेतला” म्हणतील; तोवर भूलतज्ज्ञांनी खाट सोडायची नाही. हा शब्द परिचारिकांच्या बोलीतूनच आला.

मणक्यातून मॉर्फिन दिलेल्या रुग्णाच्या मनगटावर लाल पट्टी बांधण्याचे ठरले. तिच्यावर “मॉर्फिन दिले” असे न लिहिता धोका कधी संपतो ते लिहायचे: “मॉर्फिन – उद्या सकाळी 9 पर्यंत”. दिल्याची वेळ लिहिली तर प्रत्येकाला हिशोब करावा लागतो, आणि रात्री बारा वाजता थकलेल्या माणसाकडून हिशोबाची अपेक्षा करू नये.

दोन वाजताच्या पाळीबदलाचा प्रश्न मात्र पत्रिकेने सुटणारा नव्हता. सकाळच्या यादीतील लांब शस्त्रक्रिया नेमक्या दीड ते अडीचच्या दरम्यान बाहेर येतात. येणाऱ्या सिस्टरांनी पंधरा मिनिटे आधी यावे, अशी सूचना आली आणि बिनपगारी वेळ मागणे योग्य नाही म्हणून ती फेटाळली गेली. अखेर रिकव्हरीतील एका सिस्टरांची ड्युटी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा अशी करण्यात आली, जेणेकरून दोन वाजता सर्व माणसे एकदम बदलणार नाहीत आणि त्या सुमारास येणारा रुग्ण त्याच घेतील.

सुरुवात कुठून करावी यावरही मतभेद होते. गंभीर रुग्ण अतिदक्षता विभागात जातात, म्हणून तिथून सुरू करावे असे भूलतज्ज्ञांना वाटत होते. आम्ही रिकव्हरी निवडली, कारण तिथे दिवसाला अनेक हस्तांतरे होतात आणि सवय आवर्तनानेच लागते. एका शस्त्रक्रियागृहापासून आरंभ करून मग सहाही, त्यानंतर अतिदक्षता विभाग आणि सर्वांत शेवटी शस्त्रक्रिया चालू असतानाचा डॉक्टरांमधील बदल, असा क्रम राहिला.

मोजणीसाठी साधी युक्ती वापरली. हस्तांतरानंतर अर्ध्या तासाने कार्यगटातील कोणीतरी रिकव्हरीत जाऊन सिस्टरांना विचारत असे: शेवटचे वेदनाशामक कधी दिले, शरीरात काय राहिले आहे, आणि आज रात्री कशाची भीती आहे. उत्तर कागद पाहून दिले तरी चालत असे, पण कागद कुठे आहे हे माहीत असले पाहिजे. सांगितले किती यापेक्षा पोहोचले किती हे यातून कळत होते.

विरोध आणि तडजोड

एका ज्येष्ठ शल्यचिकित्सकांनी दिवसाच्या शस्त्रक्रियांची यादी लांबेल अशी तक्रार केली. त्यांना प्रत्यक्ष घड्याळ लावून पाहण्याची विनंती केली. यंत्रे जोडून झाल्यावरचे बोलणे दोन-तीन मिनिटांत आटोपते हे पाहून त्यांनी विषय सोडला.

मानद भूलतज्ज्ञांचा प्रश्न अधिक अवघड होता. पुढच्या रुग्णालयात वेळेवर पोहोचण्याची त्यांची निकड खरी असते. त्यांच्या केसमध्ये सोबतच्या निवासी डॉक्टरांनी हस्तांतर करावे, अशी तडजोड आम्ही केली. आज ती चूक वाटते. ज्याला सर्व माहीत आहे तो निघून जातो आणि ज्याला अर्धे माहीत आहे तो बोलतो, म्हणजे साखळीत आम्ही स्वतःच एक कडी वाढवली. मानद डॉक्टरांना कामावर बोलावतानाच “रिकव्हरीत ‘घेतला’ झाल्याशिवाय केस संपत नाही” असे सांगणे शक्य होते. ते बरेच नंतर सुचले.

निष्पत्ती

अपाय कमी झाले असा दावा आम्ही करत नाही. अशा घटना एका रुग्णालयात इतक्या विरळ असतात की काही महिन्यांच्या आकड्यांतून काहीच सिद्ध होत नाही. अर्ध्या तासानंतरच्या प्रश्नांची उत्तरे मात्र नक्कीच सुधारली. रात्री कशाची भीती आहे, या प्रश्नाला सुरुवातीला “काही नाही, स्टेबल आहे” असे उत्तर येत असे. पुढे “ड्रेनमध्ये रक्त वाढलं तर कळवायचंय” अशी ठोस उत्तरे येऊ लागली.

नाकाच्या एका शस्त्रक्रियेत मध्येच डॉक्टर बदलले. “शरीरात काय राहिले आहे” ही ओळ परत म्हणताना येणाऱ्या निवासी डॉक्टरांनी विचारले, “घशात पॅक आहे का?” पॅक, म्हणजे घशात ठेवलेली कापडी गुंडाळी, होता आणि तो सांगायचा राहून गेला होता. श्वासनलिकेतील नळी काढल्यावर असा पॅक आत राहिला तर श्वासमार्ग बंद होऊ शकतो. ही नोंद आम्ही विभागाच्या बैठकीत नावांशिवाय वाचून दाखवली आणि त्यानंतर शस्त्रक्रियेदरम्यानच्या बदलासाठी पत्रिका वापरण्यास कोणी कुरकुर केली नाही.

उणिवाही राहिल्या. रात्रीच्या तातडीच्या शस्त्रक्रियांत क्रम पाळला जात नाही, कारण रिकव्हरीत तेव्हा एकच सिस्टर असते आणि यंत्रे जोडणारी आणि ऐकणारी तीच असते. निवासी डॉक्टरांची नवी तुकडी आल्यावर पहिले काही आठवडे “दिलंय” पुन्हा ऐकू येऊ लागले. लाल पट्ट्या एकदा संपल्या आणि आठ दिवस आल्या नाहीत. त्या काळात काहींनी दुसऱ्या रंगाची पट्टी बांधली, जी अ‍ॅलर्जीसाठी राखीव होती.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठी चूक कार्यगटाच्या यादीतच होती, आणि ती आमच्या लक्षात आली नाही. वॉर्डाच्या एका सिस्टरांनी दाखवून दिली. घटना वॉर्डात घडली होती, शेवटची दोन हस्तांतरे वॉर्डाच्या दारात आणि वॉर्डातच झाली होती, आणि तरीही कार्यगटात वॉर्डातले कोणीच नव्हते. भूल विभागाने आपली हद्द जिथे संपते तिथेच योजना संपवली. लाल पट्टी वॉर्डात पोहोचत होती, पण तिचा अर्थ तिथे कोणाला सांगितलेला नव्हता. पहिल्या महिन्यात एका सिस्टरांना ती एचआयव्हीची खूण वाटली आणि रुग्णाच्या नातेवाइकांनीही तसाच समज करून घेतला. त्यातून झालेला मनस्ताप निस्तरायला बराच वेळ गेला. वॉर्डाला आरंभापासून घेतले असते तर रंगही कदाचित वेगळा निवडला असता.

शल्य विभागाच्या रात्रीच्या ठरीव वेदनाशामक सूचनांनाही आम्ही उशिरा हात घातला. पट्टी असलेल्या रुग्णाला गुंगीचे औषध देण्यापूर्वी ड्युटीवरील भूलतज्ज्ञांना फोन करावा, ही एक ओळ त्या छापील सूचनेत घालण्यासाठी दोन विभागांच्या सह्या लागतात. त्या पहिल्याच आठवड्यात मागायला हव्या होत्या, कारण पत्रिका कितीही चांगली असली तरी तिच्या विरुद्ध सांगणारा छापील कागद फाइलमध्ये असेल तर मध्यरात्री कागदाचेच चालते.

आणि त्या मुलीचा विचार आम्ही फार उशिरा केला. आपल्या वॉर्डात रात्री रुग्णाजवळ घरचे एक माणूस जवळजवळ नेहमीच असते. त्या रात्री पहिली शंका तिलाच आली. सुरुवातीच्या संपूर्ण नियोजनात नातेवाईक हा शब्द एकदाही आला नव्हता. आता रिकव्हरीतून वॉर्डात जाताना सिस्टर त्या माणसाला मराठीत दोन गोष्टी सांगतात: हाक मारल्यावर जाग येते का ते मधूनमधून पाहा, आणि घोरणे वेगळे वाटले तर विचार न करता आम्हाला उठवा. श्वास मोजण्यास सांगत नाहीत, कारण देखरेखीची जबाबदारी परिचारिकेचीच आहे आणि ती नातेवाइकावर ढकलली जाऊ नये, यावर वॉर्डाच्या सिस्टरांनी विशेष भर दिला.

वॉर्डाच्या तातडीच्या ट्रेमध्ये आता नॅलोक्झोनच्या दोन कुप्या असतात. त्यांची मुदत तपासण्याचे काम रात्रपाळीच्या सिस्टरांनी स्वतःहून मागून घेतले.